पुन्हा येणारा पेशंट

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ‘महिनाभर सर्दी, खोकला, कंबरदुखी आणि सर्टिफिकेटं. यासाठी एवढी वर्षं घासली का?’ हे वाचून हसू आलं. पहिल्या महिन्यात मीही हेच म्हणत होतो, फक्त ते कोणाला लिहून कळवायचं धाडस माझ्यात नव्हतं. त्याच पत्रात, अगदी शेवटी, तू अर्ध्या ओळीत एका बाईंचा उल्लेख केला आहेस. डोकेदुखी घेऊन त्या तिसऱ्यांदा आल्या आणि ‘काही सापडलं नाही’. त्यांच्याकडे मी नंतर येतो.

आधी थोडी आकडेमोड. केर व्हाइट हे डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये एक हिशेब मांडला होता. हजार प्रौढ माणसं घेतली, तर महिन्याभरात त्यांतल्या साधारण ७५० जणांना काही ना काही दुखतं-खुपतं. डॉक्टरकडे जातात २५०. हॉस्पिटलात दाखल होतात ९. आणि विद्यापीठाच्या मोठ्या हॉस्पिटलापर्यंत पोचतो तो एक. तू आणि मी शिकलो ते त्या एकाच्या उशाशी उभं राहून. आता तुझ्यासमोर बाकावर बसलेत ते २५०.

फरक फक्त संख्येचा नाही. वॉर्डात येईपर्यंत आजार पिकलेला असतो, त्याला नाव देता येतं. तुझ्याकडे तो कोवळा येतो. पहिल्या दिवशीचा ताप हा नुसता ताप असतो. अपेंडिक्सचं दुखणं सुरुवातीला बहुधा बेंबीभोवती असतं, उजवीकडे खाली सरकतं ते नंतर. नागिणीचे फोड उठण्याआधी एक-दोन दिवस एका बाजूची नुसती आग होते, आणि कातडी बघावी तर स्वच्छ. अशा वेळी तुला निदान झालं नाही म्हणजे तुझी हुशारी कमी पडली असं नाही, आजारानेच अजून तोंड दाखवलेलं नसतं. तो तोंड दाखवेल तेव्हा पेशंट पुन्हा तुझ्यासमोर असावा, याची व्यवस्था मात्र तूच करायची असते.

‘बरं नाही वाटलं तर या’ हे वाक्य आजपासून विसर. त्यातून कोणालाच काही कळत नाही. तापाचं मूल घेऊन आलेल्या आईला सांग: दूध-पाणी घेईनासं झालं, लघवी कमी झाली, हाक मारूनही नीट जागं होईना, श्वास घेताना बरगड्या आत जायला लागल्या, तर रात्रीच्या रात्री हॉस्पिटल गाठा. कंबरदुखीवाल्याला सांग: लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली, तर सकाळची वाट बघू नका. आणि काय सांगितलं ते केसपेपरवर लिही. तुझ्या बचावासाठी नको लिहूस, उद्या तुझ्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं तर त्याला धागा सापडावा म्हणून लिही. साध्या खोकल्याचंही तेच. व्हायरल ब्राँकायटिसचा खोकला सरासरी अडीच आठवडे रेंगाळतो. हे पहिल्याच दिवशी सांगितलंस तर माणूस धीर धरतो. नाही सांगितलंस तर पाचव्या दिवशी तो वैतागून परत येईल आणि तू, तेवढीच वैतागून, त्याला अँटिबायोटिक लिहून देशील.

ऐकण्याबद्दल सगळेच उपदेश करतात, मी दोन आकडे देतो. १९८४ च्या एका अभ्यासात असं दिसलं, की पेशंटने बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडतात. त्याआधी, १९७५ मध्ये, हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी ८० नवे पेशंट तपासले होते. त्यातल्या ६६ जणांचं निदान पाठवणाऱ्या डॉक्टरचं पत्र आणि पेशंटची हकीकत एवढ्यावरच झालं होतं. हे दोन आकडे शेजारी ठेव. मी एकदा टेबलावर घड्याळ ठेवून स्वतःला मोजलं आणि घड्याळ दोन दिवसांत ड्रॉवरमध्ये गेलं. दाराच्या कडीवर हात ठेवून ‘आणि हो डॉक्टर, एक राहिलंच’ म्हणणारा माणूस मात्र कधी जाऊ देऊ नकोस. खोकल्यासाठी आलेल्याच्या छातीवरचं दडपण बऱ्याचदा त्या दाराशी बाहेर पडतं. त्याला परत बसव, बाहेरची रांग तुंबली तरी चालेल.

ओळखीचं महत्त्व तुला हळूहळू कळेल. नॉर्वेतल्या सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींचा एक अभ्यास २०२२ मध्ये छापून आला. ज्यांचा फॅमिली डॉक्टर पंधरा वर्षांहून अधिक काळ एकच होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण वर्षभराचीच ओळख असलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी होतं. हॉस्पिटलात दाखल होणंही कमी. कारण आणि परिणाम इतक्या सरळ जोडता येत नाहीत हे तुला ठाऊक आहे, तरी एवढा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

पण याच ओळखीचा डोळ्यावर पडदाही येतो. माझे एक पेशंट होते, बारा वर्षांची ओळख. दर दोन-तीन आठवड्यांनी नवी तक्रार. ते दारात दिसले की कंपाउंडर माझ्याकडे बघून हसायचा आणि मीही हसायचो. एकदा म्हणाले, ‘थकवा वाटतो.’ मी म्हणालो, वय झालं आता. टॉनिक दिलं. पुन्हा आले, पुन्हा टॉनिक. तिसऱ्या वेळी तर मी त्यांना तपासलंही नाही, केसपेपरवर ‘तेच’ असा एक शब्द लिहिला. पुढे मी दहा दिवस बाहेर होतो आणि माझ्या जागी एक नवी मुलगी बसली होती. तिला हे गृहस्थ माहीतच नव्हते, म्हणून तिने त्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. हिमोग्लोबिन सात निघालं. मोठ्या आतड्यात गाठ होती. ऑपरेशन झालं, ते वाचले, आणि नंतरही माझ्याकडेच येत राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. एकच तक्रार घेऊन माणूस तिसऱ्यांदा आला आणि निदान हातात नसलं, की तो माझ्यासाठी नवा पेशंट. नवा कागद, पहिल्यापासून हकीकत, कपडे सैल करून पूर्ण तपासणी, वजन. ‘तेच’ हा शब्द मी पुन्हा लिहिलेला नाही.

बाकीची कर्तव्यं भराभर सांगतो, ती तुला जमतील. वर्षातून एकदा प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटला घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणायला सांग आणि टेबलावर ओत. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली बीपीची गोळी, त्यासोबत लघवीची गोळी, आणि गुडघ्यासाठी कोणी तरी सुचवलेली वेदनाशामक. तिन्ही एकत्र आल्या तर काही जणांची किडनी बसते. प्रत्येक स्पेशालिस्टला आपापली गोळी दिसते, बेरीज करणारी तूच. गोळी बंद करणं हेही औषध देण्याइतकंच जोखमीचं काम आहे, घाई करू नकोस. रेफर करताना चिठ्ठीत एक प्रश्न विचार. ‘कृपया तपासावे’ हा प्रश्न नाही. सर्टिफिकेटवर मागची तारीख टाकायला पहिल्यांदा नकार देताना जीभ जड होते. पाच-सहा नकारांनंतर मागणारे आपोआप कमी होतात. आणि अख्खं घर तुझ्याकडे येत असलं तरी प्रत्येकाचा केसपेपर वेगळा असतो. नवरा बायकोच्या रिपोर्टबद्दल सहज विचारेल, आई एकोणीस वर्षांच्या मुलीबद्दल विचारेल. ‘त्यांनाच विचारा’ हे तू चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणायला शीक. ती आलीच नव्हती, असंही सांगायचं नाही. तीही माहितीच असते.

एका कामात मात्र घाई चालत नाही. स्पेशालिस्टांनी हात टेकलेला पेशंट घरी परत येतो आणि घरचे तुला बोलावतात. जा. आता मी काय करणार, असं मनात आणू नकोस. करण्यासारखं पुष्कळ असतं. मॉर्फिन सुरू असेल तर बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या डोसबरोबरच सुरू कर, ते राहून जातं आणि माणूस दुखण्याइतकाच त्यानेही हैराण होतो. कोरडं पडलेलं तोंड ओलं कसं ठेवायचं ते घरच्यांना करून दाखव. श्वासाची लय शेवटी बदलते, तिचा आवाज घाबरवतो, ते आधी समजावून सांग. आणि सगळं आटोपल्यावर आठवड्याभराने पुन्हा एकदा जाऊन ये. जिने सहा महिने उशाशी बसून काढले, तिचं बीपी बहुधा कोणीच बघितलेलं नसतं.

आता तुझ्या त्या डोकेदुखीच्या बाई. त्यांचं वय तू लिहिलेलं नाहीस, म्हणजे बहुतेक विचारलंही घाईतच. महिन्यातले किती दिवस डोकेदुखीची गोळी घेतात ते मोजून घे. साधी वेदनाशामक १५ किंवा त्याहून जास्त दिवस जात असेल, तर ती गोळीच डोकं दुखवत असू शकते. सकाळी उठताना जास्त दुखतं का, खोकताना वाढतं का, उलटी होते का, ते विचार. डोळ्यांची मागची बाजू बघ, बीपी स्वतः मोज, घरी काय चाललंय तेही विचार. आणि पन्नाशीच्या पुढच्या असतील तर कानशिलं दाबून बघ, चावताना जबडा दुखतो का विचार, आणि संशय आला तर ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या आणि स्पेशालिस्टला फोन, दोन्ही त्याच दिवशी. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज येण्याच्या त्या आजारात नजर जाऊ शकते आणि गेलेली सहसा परत येत नाही.

पुढच्या पत्रात त्यांचं काय झालं ते सविस्तर लिही.

तुझा,
सर

ता. क. पाठवलेल्या प्रत्येक तपासणीची एका वहीत नोंद ठेव. रिपोर्ट आला म्हणून खूण करायची नाही, पेशंटला सांगून झाल्यावरच करायची. शनिवारी निघताना ती वही उघड आणि खूण नसलेल्यांना फोन लाव.