बी.फार्म. असताना अमेरिकेत फार्मसी टेक्निशियन: लायसन्स आणि कामाची हद्द

प्रश्न थोडक्यात असा आहे. भारतात २०१४ साली बी.फार्म. झालं, नंतर काही वर्षं केमिस्टच्या दुकानात रजिस्टर्ड फार्मसिस्ट म्हणून काम केलं. आता नवऱ्याच्या नोकरीमुळे टेक्सासमध्ये, एच-४ व्हिसावर आणि ईएडी (इथे नोकरी करण्याचा परवाना) नुकतंच हातात आलंय. फार्मसी टेक्निशियनचं, म्हणजे फार्मसिस्टच्या हाताखालच्या मदतनिसाचं, लायसन्स कसं काढायचं, ते मिळाल्यावर काय काय करू देतात, आणि यातूनच पुढे फार्मसिस्ट होता येतं का?

मी इथे आधी रिटेलमध्ये आणि नंतर हॉस्पिटलमध्ये टेक्निशियन म्हणून बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचा विचार त्यावर ठरतो. टेक्निशियनचा अनुभव कितीही साठला तरी त्यातून फार्मसिस्टचं लायसन्स मिळत नाही. परदेशात शिकलेल्यांना एनएबीपी या फार्मसी बोर्डांच्या राष्ट्रीय संघटनेचं एफपीजीईसी (परदेशी फार्मसी पदवीधरांसाठीचं) प्रमाणपत्र लागतं आणि १ जानेवारी २००३ पासून पुढे ज्यांची पदवी आहे त्यांना किमान पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची अट आहे. आपलं बी.फार्म. चार वर्षांचं, त्यामुळे तुमची २०१४ ची पदवी तिथेच अडते. फार्मसिस्टच व्हायचं असेल तर इथल्या कॉलेजात फार्म.डी.ला, म्हणजे फार्मसिस्टच्या इथल्या पदवीला, प्रवेश घ्यावा लागेल. हे वाचून वाईट वाटेल, मला कळतं. पण "काम करत राहिलं की अनुभव धरतील" या आशेवर थांबून राहिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि तुमच्या बाबतीत तसं होऊ नये असं मनापासून वाटतं. टेक्निशियनचं काम करताना इथली व्यवस्था आतून कळते, फार्म.डी.च्या अर्जाला त्याचा उपयोग होतो, ओळखी होतात. त्याकडून अपेक्षा तेवढीच ठेवा.

आता लायसन्स. पूर्ण देशाला एकच असं लायसन्स नाही. प्रत्येक राज्याचं फार्मसी बोर्ड वेगळं आणि नियम वेगळे. त्यामुळे न्यू जर्सीतली मैत्रीण जे सांगेल ते टेक्सासला लागू होईलच असं नाही. न्यू जर्सीत राष्ट्रीय परीक्षा न देताही बोर्डाकडे नाव नोंदवता येतं. कॅलिफोर्नियात परीक्षा हा अनेक पर्यायांपैकी एक आहे, किमान २४० तासांचा मान्य कोर्स केला तरी चालतं. टेक्सासमध्ये मात्र पूर्ण टेक्निशियन म्हणून नोंदणी हवी असेल तर आधी राष्ट्रीय सर्टिफिकेशन हवंच.

ते देणाऱ्या दोन संस्था आहेत, पीटीसीबी आणि एनएचए. पीटीसीबी १९९५ पासून आहे आणि तिची परीक्षा जास्त चालते, म्हणून तिच्याबद्दल सांगते. ९० प्रश्न, सगळे पर्यायी उत्तरांचे, त्यातले ८० गुणांसाठी धरतात. परीक्षेला बसायला एक तर त्यांनी मान्य केलेला कोर्स हवा, नाहीतर किमान ५०० तासांचा समकक्ष कामाचा अनुभव. पास झालात की नावापुढे सीपीएचटी (सर्टिफाइड फार्मसी टेक्निशियन) लावता येतं. दर दोन वर्षांनी २० तासांचं सतत शिक्षण दाखवून ते चालू ठेवायचं, त्यात एक तास कायद्याचा आणि एक तास रुग्णसुरक्षेचा असावा लागतो.

तुम्हाला फार्माकॉलॉजी जड जाणार नाही. अडेल ते इथला कायदा आणि ब्रँडची नावं. आपल्याकडे पॅरासिटामॉल म्हणतात ते इथे अ‍ॅसिटामिनोफेन, सालब्युटामॉल इथे अल्ब्युटेरॉल. सगळ्यात जास्त चालणाऱ्या दोनशे औषधांची ब्रँड आणि जेनेरिक नावं तोंडपाठ करा, दुसरा उपाय नाही.

सर्टिफिकेशनच्या आधी टेक्सासमध्ये "टेक्निशियन ट्रेनी" म्हणून नोंदणी करता येते. ही दोन वर्षांची असते आणि तिचं नूतनीकरण होत नाही. म्हणजे नोंदणी झाली की घड्याळ सुरू झालं. नोकरीचा काहीच अंदाज नसताना घाईने ती काढून ठेवू नका. बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी धरून चाला. बारावीचं प्रमाणपत्र आणि पदवीचं इथल्या संस्थेकडून करून घेतलेलं मूल्यांकन हाताशी असू द्या.

आता कामाकडे वळते. जवळजवळ सगळ्या राज्यांचे नियम एका रेषेवर उभे आहेत: ज्या कामात स्वतःचा व्यावसायिक निर्णय लागत नाही ते टेक्निशियनचं, जिथे तो लागतो ते फार्मसिस्टचं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर टेक्निशियनच्या कामाची व्याख्याच जवळपास अशी आहे: पॅकिंगची, हातांनी करायची, पुन्हा पुन्हा येणारी, निर्णय न लागणारी कामं, आणि तीही फार्मसिस्टच्या थेट देखरेखीखाली.

ऐकायला हे अगदीच हलकं वाटतं, तसं ते नाही. प्रिस्क्रिप्शन घेणं, कॉम्प्युटरमध्ये चढवणं, बाटली स्कॅन करून गोळ्या मोजणं, लेबल लावणं, इन्शुरन्सला क्लेम पाठवणं, तो परत आला तर का आला ते शोधणं, साठा मागवणं, मुदत संपलेला माल काढणं, हे सगळं तुमच्याकडे येणार. यात डोकं लागतं. उदाहरण घ्या. इन्सुलिनचे पाच पेन असलेला बॉक्स, प्रत्येक पेन ३ मिलीचा, दर मिलीला १०० युनिट. म्हणजे पेनमध्ये ३०० आणि बॉक्समध्ये १५०० युनिट. पेशंट रोज ४० युनिट घेतो, तर बॉक्स साधारण ३७ दिवसांचा. तुम्ही क्लेममध्ये सवयीने ३० दिवस टाकलंत तर नोंद चुकीची होते आणि ऑडिटमध्ये इन्शुरन्स कंपनी पैसे परत मागते. ५० टाकलंत तर पेशंटचं इन्सुलिन संपेल तेव्हा कंपनी "रिफिल लवकर आहे" म्हणून क्लेम नाकारते, आणि तो माणूस काउंटरवर उभा राहतो.

कंट्रोल्ड (व्यसन लागू शकतं म्हणून कडक नियंत्रण असलेल्या) औषधांच्या प्रिस्क्रिप्शनवरचा डॉक्टरांचा डीईए नंबर, म्हणजे ती औषधं लिहून देण्याचा फेडरल नोंदणी क्रमांक, हाही असाच. दोन अक्षरं आणि सात आकडे असतात. पहिला, तिसरा, पाचवा आकडा मिळवायचा. दुसरा, चौथा, सहावा मिळवून दुप्पट करायचा. दोन्हींच्या बेरजेचा शेवटचा आकडा सातव्याशी जुळला पाहिजे. १२३४५६३ घ्या: ९ अधिक २४ म्हणजे ३३, शेवटी ३, जुळलं. नाही जुळलं तर कागद फार्मसिस्टकडे. जुळलं तरीही प्रिस्क्रिप्शन खरं आहे की नाही, ते द्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं नाही. ती जबाबदारी फेडरल नियमाने फार्मसिस्टवर आहे.

काय करायचं नाही ते आता. भरलेल्या औषधाची अंतिम तपासणी फार्मसिस्टची. औषधांची आपापसातली रिअ‍ॅक्शन, डोस जास्त असल्याचा इशारा स्क्रीनवर आला तर तो तुम्ही स्वतः बंद करून पुढे जायचं नाही. आणि पेशंटला सल्ला द्यायचा नाही. फार्मसिस्टशी बोलायचंय का एवढं विचारायला बहुतेक ठिकाणी टेक्निशियनला परवानगी असते, बोलतो मात्र फार्मसिस्टच. १९९० च्या ओब्रा कायद्याने मेडिकेडच्या (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्ययोजनेच्या) पेशंटना समुपदेशन देऊ करणं बंधनकारक झालं आणि मग राज्यांनी ते जवळपास सगळ्यांनाच लागू केलं.

तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला खरा त्रास इथेच होतो, आणि मला नेमकं याबद्दलच लिहायचं होतं. समजा एक आजोबा वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घ्यायला आले आणि जाता जाता विचारलं, "गुडघा दुखतोय, सोबत आयबुप्रोफेन चालेल ना?" तुम्हाला उत्तर माहीत आहे. रक्तस्रावाचा धोका तुम्ही कॉलेजात शिकलात, दुकानात लोकांना सांगितलात. तरीही तोंडातून "नको" सुद्धा निघता कामा नये. म्हणायचं, "थांबा हं, फार्मसिस्टना बोलावते," आणि खरंच बोलावून आणायचं, रांग कितीही लांब असो. "नको" ऐकून ते घरी जातील आणि दुसरं काहीतरी घेतील, ज्याबद्दल त्यांनी विचारलंच नव्हतं. फार्मसिस्ट त्यांची पूर्ण यादी उघडेल, मूत्रपिंडाचं विचारेल, कदाचित डॉक्टरांना फोन करेल, आणि त्या सल्ल्याची जबाबदारी त्याच्या लायसन्सवर असेल.

सर्दीच्या गोळ्यांचंही तेच. कुठल्या रांगेत आहेत ते जरूर दाखवा, कुठली घ्या ते सांगू नका. स्युडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) काउंटरमागे असतं. ओळखपत्र बघणं, नोंद करणं, दिवसाला ३.६ ग्रॅम आणि तीस दिवसांत ९ ग्रॅमची मर्यादा पाळणं हे तुम्ही करायचं. गिऱ्हाईक म्हणालं "मला बीपी आहे", की फार्मसिस्टला हाक मारायची.

ही रेषा इतकी कडक का, हे समजून घ्यायचं तर २००६ मधली ओहायोची घटना माहीत असायला हवी. दोन वर्षांची एमिली, कर्करोगाच्या उपचारांचा अगदी शेवटचा टप्पा. केमोथेरपीच्या पिशवीत ०.९ टक्के सलाइन असायला हवं होतं. टेक्निशियनने तयार पिशवी न वापरता २३.४ टक्क्यांचं सोडियम क्लोराइड घेऊन ती बनवली, म्हणजे सव्वीस पट तीव्र. फार्मसिस्टने तपासताना ती पुढे जाऊ दिली आणि मुलगी गेली. फार्मसिस्टचं लायसन्स गेलं, २००९ मध्ये त्याला सहा महिन्यांची कैद झाली. टेक्निशियनकडे गमावण्यासारखं लायसन्सच नव्हतं, कारण तेव्हा ओहायोत ते लागतच नव्हतं. त्यानंतर तिथे "एमिलीज लॉ" आला आणि टेक्निशियनला परीक्षा आणि पार्श्वभूमीची तपासणी सक्तीची झाली. मी आयव्ही रूममध्ये (शिरेतून द्यायची औषधं तयार करतात त्या खोलीत) काम करताना वापरलेली प्रत्येक कुपी आणि सिरिंज तपासणी होईपर्यंत पिशवीशेजारीच ठेवत असे, तपासणाऱ्याला नुसती पिशवी नाही तर आत काय आणि किती गेलं तेही दिसावं म्हणून. ०.९ टक्के असो की २३.४, पिशवीतलं पाणी सारखंच स्वच्छ दिसतं हो. हॉस्पिटलची वाट निवडलीत तर ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

रेषा एकाच जागी थांबलेली नाही, हेही सांगायला हवं. लस टोचणं पूर्वी टेक्निशियनच्या कामात नव्हतं. आयडाहोने आधी परवानगी दिली, मग ऑक्टोबर २०२० मध्ये फेडरल पातळीवर कोविडच्या निमित्ताने दार उघडलं. आता प्रशिक्षण आणि चालू सीपीआर प्रमाणपत्र असेल तर टेक्निशियन फ्लू आणि कोविडची लस देतात. कोणती लस कुणाला द्यायची हे मात्र फार्मसिस्टच ठरवतो. काही राज्यांत एका टेक्निशियनने भरलेलं दुसऱ्या प्रशिक्षित टेक्निशियनने तपासायची पद्धतही आहे. काही ठिकाणी फोनवर नवीन प्रिस्क्रिप्शन घेऊ देतात, काही ठिकाणी अजिबात नाही. म्हणून मॅनेजर "आमच्याकडे चालतं" म्हणाला तरी आपल्या राज्याच्या बोर्डाचे नियम स्वतः एकदा वाचा. चुकीचं काम केल्याची नोंद तुमच्याही नावावर होते, दुकानाच्या एकट्याच्या नाही.

बॅजवर टेक्निशियन असंच लिहिलेलं असेल. ओळख करून देताना "मी भारतात फार्मसिस्ट होते" हे सहकाऱ्यांना खुशाल सांगा, काउंटरवर पेशंटला सांगू नका, कारण मग तो तुमचं बोलणं फार्मसिस्टचं म्हणून घेतो.

तुमच्या जागी मी असते तर आधी पीटीसीबीच्या मान्य यादीतला कोर्स बघितला असता, शक्यतो औषधदुकानांच्या कुठल्या मोठ्या साखळीत नोकरीसोबत चालणारा, कारण तिथे फी बहुतेकदा तेच भरतात. नोकरी पक्की झाली की ट्रेनीची नोंदणी, पहिल्या वर्षातच परीक्षा, लगेच पूर्ण नोंदणी. ईएडीची मुदत आणि नूतनीकरणाची तारीख या सगळ्याच्या आधी कॅलेंडरवर टाका. मध्ये खंड पडला तर लायसन्स हातात असूनही कामावर जाता येत नाही.