चावलं काय ते आधी बघा, मग पाला वाटा

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेलाच असतो. काहीतरी चावलंय, अंगावर काहीतरी उठलंय, आजी म्हणते हे लाव, शेजारच्या काकू म्हणतात ते लाव, मग ताई तुम्हीच सांगा नक्की लावू काय. मी आयुर्वेदाचीच, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते, कडुनिंब कोरफड माझ्या रोजच्या हातातल्या गोष्टी आहेत, आणि म्हणूनच यावेळी जरा कडक लिहिणार आहे, कारण चुकीच्या जागी लावलेल्या पाल्यानं भाजलेली कातडी घेऊन माणसं येतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: ताई, माझी मुलगी नववीत आहे. परवा सकाळी उठली तर मानेवर बोटभर लांब लाल पट्टा, संध्याकाळपर्यंत त्यावर बारीक फोड आले, खूप आग होतेय. सासूबाई म्हणतात नागीण आहे, गेरू लावलाय, आता लसूण ठेचून लावू म्हणतायत. लावू का? (चिपळूण)

उत्तर: लसूण अजिबात नको. ठेचलेला लसूण चांगल्या कातडीवर तासभर ठेवला तरी भाजल्यासारखा फोड येतो, इथे तर आधीच जखम आहे.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला हा एका किड्याचा प्रताप वाटतोय. मुंगीपेक्षा थोडा मोठा, लांबट, केशरी आणि काळ्या पट्ट्यांचा, पावसाळ्यात भातशेतीच्या ओलीतून येतो आणि रात्री ट्यूबलाइटखाली घिरट्या घालतो. तो चावत नाही की डंखही मारत नाही. मानेवर बसला, झोपेत हात गेला, चिरडला गेला, की त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं विष कातडीवर पुसलं जातं आणि जिथून हात फिरला तिथे तसाच पट्टा उमटतो, तोही लगेच नाही, दुसऱ्या दिवशी, त्यामुळे रात्रीचा किडा कुणाच्या लक्षातच राहत नाही. माझ्याकडे गेल्या वर्षी एक मुलगा आला होता, कोपराच्या आतल्या घडीत समोरासमोर अगदी सारखे दोन फोड, आरशात बघावं तसे. हात दुमडला की एकाचं विष दुसऱ्या बाजूला लागतं, ही याची पक्की खूण.

साबण आणि भरपूर पाण्यानं धुवा, उशीचा अभ्रा आणि टॉवेलही धुऊन टाका, तो हात डोळ्याला लागू देऊ नका. गार पाण्याची घडी ठेवा. फोड फोडू नका. कोरफड लावायची तर पान कापल्यावर आधी उभं करून ठेवा, त्यातून पिवळा चीक गळतो तो सगळा जाऊ द्या, मग धुऊन फक्त आतला पांढरा गर घ्या. बहुतेक जणी चिकासकटच चोळतात आणि मग कोरफडीनं खाज वाढली म्हणतात, वाढणारच ना. आठ-दहा दिवसांत पट्टा सुकतो, डाग मात्र काही आठवडे राहतो. आणि पुढच्या वेळी अंगावर असा किडा दिसला तर चापट मारायची नाही, फुंकर मारून उडवायचा.

नागीण असेल तर? ती शरीराच्या एकाच बाजूला येते, फोड यायच्या आधी दोन-तीन दिवस त्या जागी ठणका किंवा मुंग्या येतात, आणि फोडांचे घोस येतात. तसं वाटलं तर गेरू, मंत्र यात दिवस घालवू नका, फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडून गोळ्या सुरू झाल्या तर सगळ्यात चांगला फायदा होतो. तोंड आणि शेपूट जुळली की माणूस जातो हे खरं नाही, सासूबाईंना हे प्रेमानं सांगा, त्यांची काळजी खरी आहे.

प्रश्न: आमच्या वाड्यात गांधील माशांचं पोळं आहे, मधमाश्याही येतात. डंख झाला की आम्ही लोखंड घासतो आणि चुना लावतो, बरोबर आहे का? (वाई)

उत्तर: लोखंड गार असतं म्हणून जरा बरं वाटतं, एवढंच. चुना नको, त्यानं कातडी पोळते, लहान मुलांची तर लगेच. मधमाशी आपला काटा मागे सोडून जाते आणि त्याला चिकटलेली विषाची पिशवी नंतरही विष सोडत राहते, म्हणून नखानं काढा, एटीएम कार्डानं खरवडा, कशानंही, पण लगेच. चिमटा शोधायला घरभर फिरत बसू नका. गांधील माशीचा काटा मागे राहत नाही, ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते, तेव्हा आधी तिथून दूर व्हा. मग साबण-पाणी आणि कापडात गुंडाळलेला बर्फ. खाज राहिली तर कॅलामाइन किंवा उगाळलेलं चंदन चालेल. तुळशीचा रस हरकत नाही, पण तुळशीची माती जखमेवर नको, मातीतून धनुर्वाताचे जंतू जातात.

आणि ओठ, जीभ सुजली, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली, किंवा एकाच वेळी बऱ्याच माश्या चावल्या, तर घरी काहीही लावत बसू नका, गाडी काढा.

प्रश्न: शेवग्याच्या झाडावर सुरवंटांचा थर बसलाय. शेंगा काढताना नवऱ्याच्या दंडाला लागले, शेणानं चोळलं तर आणखीच पसरलं. (सांगली)

उत्तर: चोळल्यामुळेच पसरलं. सुरवंटाची कुसं काचेच्या चुऱ्यासारखी असतात, चोळलं की मोडून आत रुततात. चिकटपट्टी हळूच दाबायची आणि खेचून काढायची, दर वेळी नवीन तुकडा, चार-पाच वेळा, मग वाहत्या पाण्याखाली धरायचं आणि पुसायचं नाही, टिपायचं. अंगातला शर्ट लगेच बदला, कुसं कापडात राहतात. कडुनिंबाची दोन मुठी पानं दोन तांबे पाण्यात उकळून, पार गार करून, त्या पाण्यानं दिवसातून दोनदा धुतलं तर चालेल. डोळ्यात कुस गेली असेल तर डोळा चोळायचा नाही, सरळ डॉक्टरकडे.

प्रश्न: टाचेत काटा मोडला म्हणून आईनं बिब्बा तापवून लावला. दोन दिवसांनी पाय घोट्यापर्यंत सुजला, पाणी भरलेले फोड आलेत आणि आता हातालाही पुरळ आलंय. (बीड)

उत्तर: बिब्बा उतलाय. पूर्वी धोबी कपड्यावर खूण करायला बिब्ब्याचं तेल वापरायचे, धुऊनही न जाणारी खूण, मग कातडीचं काय होत असेल. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, आंब्याचा चीक ओठाला लागून ज्यांचं तोंड उततं त्यांनी तर याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. आयुर्वेदात भल्लातक मोठं औषध आहे, पण ते शुद्ध करूनच वापरायचं असतं, चुलीवर तापवून टाचेत सोडायचं हे आमच्या शास्त्रात नाही.

तेल सगळं निघेपर्यंत साबणानं धुवा, नखांच्या खालीसुद्धा, कारण हातावर पुरळ बहुतेक तिथूनच आलंय. आधी धुणं, मग खोबरेल, उलटं केलं तर चीक पसरतो. पण पाय घोट्यापर्यंत सुजलाय म्हणताय, फोड आहेत, काटाही आतच असेल, तर आजच दाखवा. आईला मधुमेह आहे का हे तुम्ही लिहिलं नाहीत, पाय कुणाचा तेही नाही, पण मधुमेही माणसाच्या पायावर बिब्बा, रुईचा चीक, असलं काही कधीही लावू देऊ नका.

प्रश्न: गजकर्णावर टाकळ्याचा पाला चालतो का? मेडिकलमधली ट्यूब लावली की जातं, थांबवली की दुप्पट येतं. (परभणी)

उत्तर: टाकळ्याचं एक नावच दद्रुघ्न, म्हणजे गजकर्ण घालवणारा. ताजा नायटा असेल तर पाला लावून बघायला हरकत नाही. तुमचा आता ताजा राहिलेला नाही. त्या ट्यूबमध्ये बहुतेक स्टिरॉइड असणार, खाज दबते आणि बुरशी खाली निवांत पसरते. ट्यूबचा खोका घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. घरात आणखी कुणाला असेल तर सगळ्यांचा उपचार एकदम करा आणि टॉवेल वेगळे ठेवा.

प्रश्न: आमच्या गावात विंचू उतरवणारे बाबा आहेत, पाला बांधतात आणि माणूस खरंच बरा होतो. मग दवाखान्यात का जायचं? (पोलादपूर)

उत्तर: बरा होतो हे खरंय, कारण मोठी काळी इंगळी चावली तर ठणका भयंकर असतो पण तो काही तासांत आपोआप उतरतो, पाला बांधा नाहीतर बांधू नका. तुमच्या कोकणातला छोटा तांबडा विंचू वेगळा. त्याचं विष हृदयावर जातं, फुफ्फुसात पाणी होतं, आणि लहान मुलं यात दगावायची. तुमच्या शेजारी महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी ही मुलं बघितली, प्राझोसिन नावाचं साधं, स्वस्त औषध वापरून त्यांना वाचवलं, १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगभर ते वापरलं जातं. म्हणजे खरा उतारा तुमच्याच जिल्ह्यात सापडलाय.

घाम फुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली, तोंडाला लाळ आली, तर एक मिनिटही थांबू नका, आणि मूल असेल तर यातलं काही दिसायची वाटच बघू नका. जखमेवर चिरा मारायचा नाही, वर दोरी आवळायची नाही. बाबांना सोबत यायचं असेल तर येऊ दे, गाडीत बसून म्हणू दे मंत्र, पण १०८ला फोन आधी लावा.