दिवेकर, शापिरो आणि गावांवरून आलेली ज्यू आडनावे

प्रश्न असा आहे : कोकणातील बेने इस्रायली, म्हणजे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठीभाषक ज्यू लोकांची केहिमकर, पेणकर, रोहेकर ही आडनावे गावांवरून आलेली आहेत आणि युरोपातील ज्यूंची शापिरो, होरोविट्झ ही आडनावेही गावांवरूनच आलेली आहेत, तेव्हा गावाचे नाव लावण्याची रीत ज्यू लोकांनी आपल्याबरोबर कोकणात आणली, असे मानावे का?

तसे मानता येणार नाही. ज्यूंची जुनी रीत आडनावाची नसून बापाच्या नावाची आहे. हिब्रूत ‘बेन’ म्हणजे मुलगा. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनासाठी एखाद्याला पुकारतात ते आजही ‘अमुक बेन तमुक’ असेच, आणि तेथे आडनावाला काही काम नसते. गावाचे नाव त्यावर नंतर चढले आणि ते ज्या त्या मुलखातल्या शेजाऱ्यांच्या चालीप्रमाणे चढले.

याचा उत्तम नमुना म्हणजे १७९६ मध्ये मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर. सामाजी म्हणजे श्मुएल, इंग्रजी वळणाने सॅम्युएल. हसाजी म्हणजे यहेज्केल, अर्थात इझिकिएल. आणि दिवेकर म्हणजे दिवेआगरचे. आपले नाव, मग वडिलांचे, मग आडनाव हा मराठी क्रम असा सोयीचा निघाला, की ‘बेन’ न उच्चारताही बापाचे नाव आपल्या जागी राहिले आणि कोकणाचे म्हणावे असे आडनाव तेवढे पुढे जोडले गेले. अर्थात ‘जी’ही इथलाच.

या आडनावांत गावांची रूपे कशी उतरली हे पाहण्यासारखे आहे. दिवेआगरातले ‘आगर’ गळाले. रोह्याचा रोहेकर झाला, तर कुंडलिकेपलीकडच्या अष्टमीचा अष्टमकर. चेऊलकर या आडनावात चौलचे जुने नाव शाबूत आहे. हिंदी चित्रपटांतले नट डेव्हिड यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर होते. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे : शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या वारी, तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून हा समाज कोकणात ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखला जात असला, तरी आडनावे मात्र धंद्यावरून न पडता गावांवरून पडली. दिवेकर, पेणकर ही आडनावे हिंदूंतही आहेत, त्यामुळे नुसत्या आडनावावरून धर्म ओळखू जाणे फसवे ठरते.

युरोपात गावाच्या नावावर भाषांचे संस्कार अधिक झाले, म्हणून तेथील मूळ गाव चटकन दिसत नाही. शापिरो हे आडनाव ऱ्हाइनकाठच्या श्पायर शहराचे आहे. मध्ययुगीन हिब्रू लेखनात ते नाव ‘शपिरा’ असे वाचता येईल अशा अक्षरांत लिहीत, आणि पुढे आडनाव त्या लेखी रूपावरच बेतले गेले. होरोविट्झ हे बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील, होर्झोविचे या गावाचे. रशियनमध्ये ‘ह’ हा ध्वनी नसल्यामुळे तेथे ‘ग’ आला आणि त्याचेच गुर्विच, गुरेविच झाले. हायलब्रॉन शहरावरून आलेले हाल्पर्नही त्याच वाटेने गाल्पेरिन झाले. लांडाऊ, गिन्झबर्ग आणि स्पेनकडचे टोलेडानो ही आडनावे त्या मानाने सरळ आहेत.

या जुन्या, बहुधा रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, घराण्यांतून आलेल्या आडनावांवर दुसरा थर सरकारी हुकमांचा आहे. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने १७८७ मध्ये आपल्या राज्यातील ज्यूंना कायमचे आडनाव घेणे सक्तीचे केले आणि पुढे प्रशिया, रशिया इत्यादी राज्यांतही तसे कायदे झाले. त्या काळात बर्लिनर, पोझनर, वार्शावस्की अशी आडनावे वाढली. येथील जर्मन ‘-अर’ आणि स्लाव ‘-स्की’ हे आपल्या ‘-कर’चेच काम करतात. मात्र ‘-बर्ग’ (डोंगर) किंवा ‘-टाल’ (दरी) असा शेवट दिसला की लगेच नकाशा उघडू नये. गोल्डबर्ग, रोझेंटाल ही आडनावे पुष्कळदा केवळ कानाला गोड म्हणून घेतलेली आहेत.

तेव्हा दोन्हीकडचे साम्य वारशाचे नाही, पण ते निव्वळ योगायोगाचेही नाही. गावाचे नाव माणसाला चिकटते ते त्याने गाव सोडल्यावर, कारण ज्या गावात सगळेच त्या गावचे, तेथे ते सांगून ओळख पटत नाही. ‘अश्कनाझी’ हे आडनाव घ्या. मध्ययुगीन हिब्रूत अश्कनाझ म्हणजे जर्मन मुलूख, परंतु हे आडनाव जास्त आढळते ते तुर्कस्तान, ग्रीस अशा भागांतल्या सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या, ज्यूंमध्ये, म्हणजे जर्मन मुलखातून आलेला माणूस जेथे परका वाटला तेथेच. अलिबागेजवळच्या किहीमची माणसे आसपासच्या गावी गेल्यावर केहिमकर झाली, तीही याच न्यायाने.