‘प्रकार’ या रकान्याबद्दल

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी ध्वनिमुद्रणांची यादी वाचली. ‘प्रकार’ या रकान्यात सगळीकडे ‘लोकसंगीत’ लिहून तू पट्ठे बापूरावांच्या लावणीपाशी अडलीस, हे मला फार आवडलं. अडायची जागा तीच आहे.

बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. कवी माहीत, शेवटच्या कडव्यात त्याची नाममुद्रा. म्हणजे लोकगीताची ‘कर्ता अज्ञात’ ही कसोटी गेली. राम जोशी, होनाजी बाळा यांनाही ती लागत नाहीच. जुनं तेवढं लोकगीत म्हणावं, तर अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली. खेड्यातलं म्हणावं, तर तिच्यातला गडी मुंबईत राबतोय.

१९५४ साली आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने लोकसंगीताच्या व्याख्येत तीन गोष्टी धरल्या: मागच्याशी सातत्य, गाणाऱ्यांकडून होत जाणारे बदल, आणि कोणतं रूप टिकेल याची समाजाने केलेली निवड. कवी माहीत असला तरी हरकत नाही, पण गाणं तोंडोतोंडी परंपरेत मुरलेलं हवं. तयार गाणं जसंच्या तसं उचललं असेल, तर ते बाहेर. मला ही व्याख्या अजूनही सर्वांत कामाची वाटते, कारण गाणं जन्मल्यावर त्याचं पुढे काय झालं हे ती विचारते. (त्या परिषदेने पुढे १९८१ मध्ये स्वतःच्या नावातला ‘लोक’ काढून ‘पारंपरिक’ घातला, हेही ध्यानात ठेव.)

आता ‘मी डोलकर’ घे. शब्द शांता शेळक्यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची. तबकडीवर ते भावगीतांच्या शेजारचं. हळदीत बेंजोवाले तेच वाजवतात तेव्हा लय बदलते, मध्येच दुसरं गाणं येऊन मिळतं, कुणी नवी ओळ घालतं. ही दोन मुद्रणं एकाच नोंदीत कोंबू नकोस. लावणीचंही तसंच: फडावर ढोलकीच्या तोडीवर उभी राहिलेली आणि बैठकीत एकेका ओळीवर अदा करत रंगवलेली, शब्द तेच असले तरी वेगळ्या लिही. गाण्याला प्रकार चिकटवण्याआधी त्या गायनाची नोंद कर: कोण, कुठे, कशासाठी, कुणाकडून शिकलं, साथीला काय होतं.

आणि जात्यावरच्या ओव्यांपुढे ‘कवी अज्ञात’ लिहिलं आहेस, ते आधी खोड. ज्या बाईने ओवीत आपल्या भावाचं आणि माहेरचं नाव गुंफलं, तिला विचारून तिचं नाव तिथे लिही.