न्यायवैद्यक निवडलेल्या तरुण डॉक्टरास

प्रिय डॉक्टर,

तू न्यायवैद्यक घ्यायचं ठरवलंस हे वाचून मनापासून आनंद झाला. ‘जन्मभर मुडदेच फाडणार का?’ असं घरचे विचारतात, हेही पत्रात वाचलं. त्यांना सांग, या शाखेतलं बरंचसं काम जिवंत माणसांसाठी असतं. मारहाणीच्या जखमा तपासणं, अत्याचार झालेल्या व्यक्तीची तपासणी करून नमुने घेणं, दात आणि हाडांच्या एक्स-रेवरून वयाचा अंदाज देणं, ही सगळी आपलीच कामं. निरपराध माणूस सुटतो तोही पुष्कळदा याच पुराव्यावर.

इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये १९८३ आणि १९८६ साली दोन शाळकरी मुलींवर अत्याचार करून त्यांचे खून झाले. दुसऱ्या खुनाची कबुली सतरा वर्षांच्या एका मुलाने देऊन टाकली होती. ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये शोधलेली डीएनए तपासणी केल्यावर कळलं, की दोन्ही गुन्हे एकाच पुरुषाचे आहेत आणि तो पुरुष हा मुलगा नाही. खऱ्या गुन्हेगाराला १९८८ मध्ये शिक्षा झाली. खुनाच्या तपासात डीएनए प्रथम वापरला गेला आणि त्याने आधी एक पोर वाचवलं, याचं मला फार मोल वाटतं.

तेव्हा प्रेतासोबत आलेली हकिकत जरूर ऐक, पण तिला निष्कर्ष ठरवू देऊ नकोस. हे शहाणपण जुनं आहे. चीनमध्ये सोंग त्सी या न्यायाधिकाऱ्याने १२४७ मध्ये मृतदेहांच्या तपासणीवर ग्रंथ लिहिला, आणि अधिकाऱ्याने तपासणी हाताखालच्यांवर न सोपवता स्वतः हजर राहावं असा आग्रह धरला. पुढे १८४० मध्ये फ्रान्समधल्या लाफार्ज खटल्यात, जिथे बायकोवर नवऱ्याला विष दिल्याचा आरोप होता, विषतज्ज्ञ ऑर्फिला यांनी मृतदेहात आर्सेनिक हे विष दाखवलं, शिवाय ते थडग्याभोवतीच्या मातीतून किंवा चाचणीच्या रसायनांतून आलेलं नाही हेही तपासलं. मला या दुसऱ्या भागाचं जास्त कौतुक आहे. आपल्याच निष्कर्षावर शंका घेऊन ती तडीस नेणं फार थोड्यांना जमतं.

आता शवविच्छेदनाच्या टेबलापाशी ये. पाठीवर जांभळा डाग दिसला, तर तो मार असेल किंवा मृत्यूनंतर खालच्या बाजूला साचलेलं रक्त. नुसत्या नजरेवर विसंबू नकोस, तिथे छेद घे. साचलेलं रक्त वाहिन्यांतच असतं, पाण्याने धुऊन जातं. मुका मार असेल तर रक्त ऊतींत झिरपलेलं असतं, धुतलं तरी हटत नाही. मृतदेह कुजायला लागला असेल तर मात्र हा फरकही धूसर होतो, तसं स्पष्ट नोंदव. एका छेदाच्या आळसाने खून नैसर्गिक मृत्यू ठरू शकतो किंवा नैसर्गिक मृत्यूचा खून होऊ शकतो.

मृत्यूच्या वेळेबद्दल तुला सगळ्यात जास्त छळतील. मृत्यूनंतर स्नायूंना येणारी ताठरता साधारण दोनेक तासांत पापण्या आणि जबड्यापासून जाणवू लागते, बाराएक तासांत सर्वांगात येते आणि मग उतरू लागते. पण उन्हाळ्यात हे भराभर होतं, थंडीत रेंगाळतं, आणि मरण्याआधी माणूस धावपळीत किंवा झटापटीत असेल तर ताठरता लवकर येते. म्हणून उत्तर नेहमी ‘अमुक ते अमुक तासांदरम्यान’ असंच दे. वकील एकच आकडा मागेल, आवाज चढवेल, तरी देऊ नकोस. तुला कोणी का बोलावलेलं असेना, तू कोणत्याही बाजूचा साक्षीदार नाहीस.

साक्षीचं बोलावणं कधी कधी काही वर्षांनी येतं. तोवर त्या मृतदेहाची आठवण पुसलेली असते, हाती उरतो तो तुझा अहवाल. म्हणून प्रत्येक जखमेची लांबी, रुंदी, जागा आणि कडा त्याच वेळी, टेबलापाशीच लिहून काढ. फोटोत मोजपट्टी ठेव. ‘मोठी जखम’ असं कधीही लिहू नकोस, सेंटिमीटर लिही.

तुझा शुभचिंतक