उशिरा मिळालेलं घर: परदेशी दत्तक गेलेल्या मुलांबद्दल प्रश्नोत्तरे

प्रश्न: आम्ही अमेरिकेत राहतो. महाराष्ट्रातल्या संस्थेतून तीन वर्षांची मुलगी दत्तक घेतली. दुकानात ती कुठल्याही बाईचा हात धरून चालू लागते. सगळे कौतुक करतात, मला भीती वाटते.

उत्तर: तुमची भीती रास्त आहे. संस्थेत मावश्यांच्या पाळ्या बदलतात. समोर येईल त्याला बिलगायचं, म्हणजे कुणीतरी उचलून घेतं, हे ती तिथे शिकली. सुरुवातीचे काही महिने भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं आणि पडली की उचलणं फक्त तुम्ही दोघांनी करा. आजी आल्या तर त्यांनी खेळवावं, पण घास तुमच्या हातचा. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा: ती मांडीवर चढली तर प्रेमाने आईकडे परत पाठवा. काही मुलांत ही सवय प्रेमळ घरातही वर्षानुवर्षं राहते. म्हणून आपली माया कमी पडते, असं मनात आणू नका.

प्रश्न: मुलगा अडीच वर्षांचा असताना घरी आला. 'मेंदूची खरी वर्षं गेली,' असं नातेवाईक म्हणतात. खरं आहे का?

उत्तर: अर्धवट खरं, म्हणून जास्त त्रासदायक. रुमानियाचं उदाहरण घ्या. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली आणि पुढे अनाथालयं मुलांनी भरली. १९८९ च्या डिसेंबरात त्याची सत्ता कोसळल्यावर तिथली उपासमार नि एकटेपणा जगाला दिसला. तिथून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या १६५ मुलांचा ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. संस्थेत सहा महिन्यांहून कमी राहिलेली मुलं बहुतांशी ब्रिटनमधल्याच दत्तक मुलांसारखी वाढली. जास्त राहिलेल्यांपैकी अनेकांत चंचलपणा आणि माणसांशी वागण्यातल्या अडचणी टिकल्या. तरुणपणी चिंता, नैराश्यही वाढलं. पण बुद्धीची सुरुवातीची पिछाडी तोवर बरीच भरून निघाली होती, आणि त्यांच्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्याला कुठल्याच टप्प्यावर मोठी अडचण आली नाही.

शिवाय तिथली उपेक्षा टोकाची होती. तुमच्या मुलाची संस्था तशीच असेल असं गृहीत धरू नका. नातेवाइकांना उत्तर देत बसण्यापेक्षा कान, डोळे, थायरॉइड तपासून घ्या. शाळेत लक्ष लागत नसेल तर 'आळशी' म्हणण्याआधी मूल्यमापन मागा. आणि तो सोळा-सतरा वर्षांचा झाला, सगळं सुरळीत दिसलं, तरी विचारपूस थांबवू नका. माझ्या मते पालक नेमके तिथेच निर्धास्त होतात.

प्रश्न: मुलगी उशीखाली पोळ्या लपवते. ओरडून पाहिलं.

उत्तर: ओरडू नका, कपाटाला कुलूपही नको. तिच्या हाताला येईल असा खाऊचा डबा ठेवा आणि तो रिकामा होऊ देऊ नका. जेवणाच्या वेळा पाळा. पोळी सापडली तर 'डब्यात ठेवूया, तुझीच आहे' एवढंच म्हणा. बहुतेक मुलांची ही सवय पोटाला खात्री पटली की मागे पडते. घशात अडकेपर्यंत खात असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: आम्ही स्वीडनमध्ये आहोत. भारतातून आणलेली मुलगी सात वर्षांची आहे आणि छाती वाढू लागली आहे.

उत्तर: थांबू नका. भारतातून स्वीडनला दत्तक गेलेल्या मुलींमध्ये पाळी लवकर येते, हे तिथल्याच संशोधकांनी नोंदवलं आहे. कुपोषणानंतर झपाट्याने झालेली वाढ हे त्यामागचं एक संभाव्य कारण मानतात. मुलांच्या हार्मोन-तज्ज्ञांची वेळ घ्या. कागदावरची जन्मतारीख अंदाजाची असेल तर तेही सांगा, त्यावर उपचाराचा निर्णय बदलू शकतो. आणि पाळी म्हणजे काय, हे तिला तुमच्याकडून आत्ताच कळू द्या.