आगमनकाळात घरची प्रार्थना कशी सुरू करावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीचे चार रविवार, तोंडावर आलाय, घरात रोज एकत्र प्रार्थना सुरू करायची आहे, पण १४ वर्षांचा मुलगा टाळतो, नवरा शिफ्टला असतो, आणि वर्षच असं गेलंय की आभार कशाचे मानायचे ते कळत नाही. ही तिसरी अडचण शेवटी घेते. मला खरी तीच वाटते.

मी वसईची, लग्न होऊन बडोद्याला आले. सासर मूळचं नगरकडचं. सासरे रेल्वेच्या नोकरीपायी प्रतापनगरला आले आणि इथलेच झाले. त्यामुळे चर्चमधली मिस्सा (उपासना) गुजरातीत, जपमाळ मराठीत, आणि मुलांची भांडणं दोन्ही भाषांत. माझ्या माहेरी जपमाळ संथ चालायची. सासूबाई मात्र मी ‘नमो मरिया’ म्हणून श्वास घेईपर्यंत ‘आमेन’ला पोचलेल्या असायच्या.

पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात मीही तुमच्यासारखंच ठरवलं. जपमाळेची पाचही रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, स्तोत्र, शुभवर्तमानाचं वाचन, दोन गाणी. चाळीस मिनिटं लागायची. आठवडाभरात नवरा बसल्या जागी पेंगू लागला, पोरगा मण्यांऐवजी मिनिटं मोजू लागला, आणि दुसऱ्या रविवारपर्यंत सगळं बारगळलं. दोष माझाच होता. पेलवेल तेवढंच धरावं.

आता आमच्याकडे जेवणाआधी एकच रहस्य असतं, म्हणजे दहा ‘नमो मरिया’, आणि त्यानंतर प्रत्येकाने एक आभार. पाच-सात मिनिटांत उरकतं. ताटं मांडून ठेवते. भुकेला मुलगा कुठे जात नाही.

आगमनकाळाचं चक्र, म्हणजे पानांच्या गोलातल्या मेणबत्त्या, जरूर करा, पण त्याचं दडपण घेऊ नका. काही फार जुना विधी नाही तो, आणि मुळात कॅथलिकही नाही. हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न नावाचे एक लुथरन पाळक अनाथ मुलांचा आश्रम चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलं भंडावून सोडायची, तेव्हा १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोज एक पेटवायची. आपल्याकडे चारच उरल्या, चार रविवारच्या. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. मला जांभळ्या मिळाल्या नाहीत, म्हणून दिवाळीतल्या उरलेल्या पांढऱ्या मेणबत्त्यांना मी रिबिनी बांधते. स्टीलच्या ताटात आसोपालवाची, म्हणजे उंच वाढणाऱ्या खोट्या अशोकाची, पानं गोल मांडते. ते झाड इथे दारोदार आहे. मेणबत्ती पेटवायचं काम मात्र मुलाकडे द्या. चौदाव्या वर्षी प्रार्थनेचा कंटाळा येतो, काडी ओढण्याचा येत नाही.

आभारांचा एकच नियम ठेवलाय: आजचेच हवेत, आणि नाव घेऊन. ‘सगळ्याबद्दल धन्यवाद, देवा’ आमच्याकडे चालत नाही. हे सासूबाईंकडून आलं. त्या मतमाउलीशी, म्हणजे मरियेशी, शेजारणीशी बोलावं तशा बोलायच्या: आज नळाला पाणी दुपारपर्यंत होतं, रिक्षावाल्याने दाराशी सोडलं, गुडघा सकाळी कमी दुखला. नंतर कळलं की संत इग्नेशियस लोयोलांनी रोजचं आत्मपरीक्षण सांगितलं, त्यातही पहिली पायरी मिळालेल्या दानांच्या आभारांचीच आहे, पापांची मोजदाद नंतर. सासूबाईंना इग्नेशियस कोण ते ठाऊक नव्हतं. एकदा मुलगा म्हणाला, ‘गणिताचे सर आज आले नाहीत, थँक यू गॉड.’ मी डोळे वटारले. सासूबाई शांतपणे ‘आमेन’ म्हणाल्या. त्या दिवसापासून तो बसू लागला.

नवरा दुसऱ्या शिफ्टला असला की मध्यरात्री येतो. त्याच्या वाटणीचे आभार तो दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवतो, आम्ही ते दुसऱ्या दिवशी वाचतो. एका ओळीपलीकडे तो कधी गेलेला नाही.

आता तुमचं वाईट वर्ष. आमच्याकडेही असं एक आलं होतं. नवऱ्याची कंपनी बंद पडली आणि सात महिने तो घरी होता. नेमका त्यात आगमनकाळ आला. माझ्या तोंडून आभाराचा शब्द फुटेना, आणि खोटं बोलायचं नव्हतं. सासूबाईंनी समजूत वगैरे घातली नाही. म्हणाल्या, ‘तुझे येत नसतील तर आज माझे घे. उसने.’ महिनाभर मी त्यांच्याच ओळी म्हटल्या. तक्रारही करत होते. बायबलमधली कितीतरी स्तोत्रं बघा, गाऱ्हाणीच आहेत. मरियेचं ‘माझा जीव प्रभूला थोर मानतो’ हे गाणंही त्याच दिवसांत मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. ती ते आपल्या नात्यातल्या अलिशिबेला भेटायला जाते तेव्हा तिच्या घरी म्हणते, तेव्हा बाळ येशू जन्मलेलाही नाही. बेथलेहेमचा प्रवास, उतारशाळेत जागा नसणं, हे सगळं पुढेच आहे. जपमाळेतल्या आनंदाच्या रहस्यांतलं ही भेट दुसरं रहस्य. तुम्ही एकच घेणार असाल तर हेच घ्या.

वहीसुद्धा त्याच वर्षीची. नवरा तेव्हा चार शब्द बोलत नसे, प्रार्थनेला नुसता बसून राही. एका सकाळी दुधाचा हिशेब करायला वही उघडली, तर मागच्या पानावर त्याच्या अक्षरात होतं: ‘दूधवाल्याने या महिन्याचे पैसे मागितले नाहीत.’ त्या संध्याकाळी मी सासूबाईंऐवजी त्याचे उसने घेतले.